पडद्यावर काय लिहिलंय?

मला कॉम्प्युटरमधलं कळतं असं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी धुळ्यात आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनच्या पोरांना शिकवलं. वायर, होल्डर, मीटर, अर्थिंग, एवढंच माझं जग. पण आमच्या घराण्यात ज्याला फ्यूज बांधता येतो त्याला सगळंच येतं अशी समजूत आहे. मिक्सर बिघडला, मोबाईल अडला, टीव्हीचा रिमोट रुसला की वरात माझ्या दारात. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. निवृत्त माणसाला कुणी विचारतंय, यापेक्षा आणखी काय पाहिजे?

अक्काचा लॅपटॉप असाच माझ्याकडे आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पारोळ्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर तिचं सासर. दाजी वारले, मुलगा पुण्याला स्थिरावला, घरात ती एकटी. साठी ओलांडल्यावर या बाईने बी.ए.ला नाव घातलं. घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला जळगावला जायचं, असं ते शिक्षण. सातवीत शाळा सुटलेली. भावकीतले लोक हसले. मीसुद्धा हसलो, नोकरीला लागणार का म्हणून विचारलं. ती शांतपणे म्हणाली की तिला नोकरी नको, कागद पाहिजे. लग्नाच्या पत्रिकेनंतर तिचं नाव कुठे म्हणून छापून आलेलं नाही. पदवीचा कागद यावा, त्यावर आपलं नाव असावं आणि ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची इच्छा.

डोळ्यांचं ती उगाच म्हणत नव्हती. तिला काचबिंदू होता. जळगावच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. म्हणून तिला घाई होती. हे मला माहीत होतं. उरलंय किती, ते माहीत नव्हतं. विचारलंच नाही. घरात ती अशी वावरायची की बघणाऱ्याला शंका येऊ नये. चुलीपासून माठापर्यंत, माठापासून तुळशीपर्यंत सरळ चालत जायची.

लॅपटॉप मूळचा माझाच, दहा वर्षांपूर्वीचा. मला नवा घेतल्यावर तिला दिला. भाच्याने त्यात तिची पुस्तकं भरून दिली होती. अक्षरं मोठी करून वाचत असेल, असा माझा समज. गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती धुळ्याला आली. आई-वडील राहिले नाहीत, तेव्हा आता माझंच घर तिचं माहेर. कपड्यांच्या पिशवीत साड्यांच्या घडीत गुंडाळून तिने लॅपटॉप आणला होता. म्हणाली की सुरू व्हायला फार वेळ लागतो, देवपूजा होऊन जाते तरी हा उठत नाही. शिवाय मधेच काहीतरी सूचना येऊन अडून बसतो. शेवटच्या वर्षाचे दोन पेपर राहिले होते आणि परीक्षेला पंचवीस दिवस होते.

मी बघितलं. त्यातली सिस्टीम जुनी झाली होती आणि कंपनीने तिच्यावरून हात काढून घेतला होता. नवी घ्यावी तर नवी म्हणते, तुमचं यंत्र पात्र नाही. अहो, चालतंय ना? बटण दाबलं की उठतंय ना? मग पात्र नाही म्हणजे काय! माझं डोकंच सटकलं. मी इंटरनेटवर शोधत बसलो. तिथे कळलं की असे नाकारलेले लॅपटॉप असणाऱ्यांची मोठी जत्राच आहे, आणि कुणी कुणी हुशार लोकांनी नवी सिस्टीम कापूनछाटून हलकी करून ठेवली आहे. कंपनीची मान्यता नाही, पण जुन्या यंत्रावर पळते. त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ज्याची कुणालाच गरज नाही ते सगळं आम्ही काढून टाकलं आहे. खाली पन्नासेक गोष्टींची यादी होती. खेळ, जाहिराती, हवामान, नकाशे, असं बरंच. मी वरून चार नावं वाचली आणि मनात म्हटलं, वा, हा माणूस आपल्यातला दिसतो.

मग सुरू झाल्या भानगडी. पेनड्राइव्हवर ती सिस्टीम घ्यायची आणि लॅपटॉप सुरू होताना एक बटण दाबायचं. कुठलं बटण, यावर एका माणसाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. एक म्हणे एफ बारा, दुसरा म्हणे एफ दोन, तिसरा म्हणे आधी बॅटरी काढा. मी सगळंच करून बघितलं. एकदा पडद्यावर भलत्याच लिपीतली अक्षरं आली, रशियन होती की काय देव जाणे. चित्रं बघून अंदाजाने बटणं दाबली. एकदा सगळं झालं आणि वायफायच गायब. का गायब झालं ते कळलं नाही, आणि संध्याकाळी परत कसं आलं तेही कळलं नाही. वायरमनच्या कामात असं होत नाही हो. दिवा लागत नसेल तर त्याला कारण असतं, आणि टेस्टर लावला की ते कारण सापडतं. इथे टेस्टर लावायचा कुठे?

चौथ्या दिवशी जमलं. फक्त एक शेपूट राहिलं. सुरू होताना पडद्यावर दोन ओळी यायच्या, दोन्हींचं नाव एकच. वरची ओळ म्हणजे नवी सिस्टीम. खालची म्हणजे जुन्या सिस्टीमचं भूत, जी मी पुसून टाकली होती पण यादीतून तिचं नाव जाईना. काही न दाबता थांबलं की दहा सेकंदांत आपोआप वरची सुरू व्हायची. अक्काला मी बजावून सांगितलं की सुरू केल्यावर कशाला हात लावू नकोस, आणि तिच्यासमोर सुरू करून दाखवला. अर्ध्या मिनिटात उठला. ती पडद्याकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "चांगलं शे भाऊ." सौभाग्यवतीने सांजोऱ्यांचा डबा दिला, मी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि घरी येऊन दिवसभर स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. लॅपटॉप कसा आहे? चांगला आहे. अभ्यास होतोय? होतोय. मग जरा वेळाने म्हणाली, कधी कधी निळं निळं दिसतं, बाकी काही नाही. मी कान टवकारले. निळं म्हणजे बिघाड. त्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक आकडा असतो, तो सांगितला की इलाज सापडतो, हे एव्हाना मी शिकलो होतो. मी तिला म्हटलं, लॅपटॉप समोर घे आणि आकडा वाच. ती थांबत थांबत सहा आकडे बोलली. मी ते वहीत लिहून घेतले आणि इंटरनेटवर टाकले. तर प्रिंटरची शाई कशी भरावी याची माहिती आली.

दुसऱ्या दिवशी परत फोन. आकडा वेगळाच. तो टाकला तर ट्रॅक्टरच्या कुठल्याशा सुट्या भागाची किंमत आली. तिसऱ्या दिवशी तिसरा आकडा, त्याचं तर काहीच आलं नाही. मी चक्रावून गेलो. एक यंत्र रोज वेगळ्या रोगाने आजारी पडतं, हे कसं? मी तिला विचारायचो, वर काय लिहिलंय? ती म्हणायची, इंग्रजीत आहे. खाली काय? खाली पण इंग्रजीत. पहिलं अक्षर कोणतं? ए. काल तू एस म्हणाली होतीस. मग एस असेल. माझ्या वहीची चार पानं भरली आणि त्यातल्या एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी मेळ बसेना. सौभाग्यवती म्हणाली, तुम्ही त्यांना ओरडून विचारता, त्या घाबरून काहीही सांगतात. मी म्हटलं, मी कुठे ओरडतोय? हे मी ओरडूनच म्हटलं, ते वेगळं.

असे बारा दिवस गेले. बाराव्या दिवशी मी तिला फोनवर पाऊण तास धरून बसलो. पडद्यावर दोन ओळी येतात का, एवढं एक सांग. हो म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, एकच आहे. मग म्हणाली, तीन असतील. माझा तोल गेला.

"अक्का, डोळे फुटलेत का तुझे?" मी म्हणालो. "समोर लिहिलंय ते वाचता येत नाही?"

मागे कोंबड्या ओरडत होत्या तेवढं ऐकू येत होतं. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली की थांब, वाचते. आणि तिने अजून एक आकडा सांगितला. मी तोही लिहून घेतला.

रात्रभर काही सुचलं नाही. सकाळी टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन पेनड्राइव्ह पिशवीत टाकून पारोळ्याची बस धरली. परीक्षेला आठवडा उरला होता. आता समोर बसूनच बघायचं आणि अक्काला चार गोष्टी सुनवायच्या, असं ठरवलं होतं. मे महिन्याचं ऊन, नांगरून पडलेली वावरं. पारोळ्याहून काळीपिवळी जीप मिळाली, तिच्यात मागे कुणाच्या तरी गव्हाच्या पोत्यावर बसून गेलो. गावात उतरलो तेव्हा घामाने आणि रागाने मी सारखाच पेटलो होतो.

दार उघडं होतं. ओट्यावर पाय ठेवला आणि आतून वाचण्याचा आवाज आला. अक्काची जाऊ, शेजारच्या घरात राहते ती, पुस्तक धरून बसली होती. बाई चौथीपर्यंत शिकलेली. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती, माग-णी-ची ल-व-चि-क-ता. अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. अक्का समोर सूप घेऊन डाळ निवडत होती आणि ऐकत होती. तिची बोटं खडा बरोबर शोधून बाजूला टाकत होती, पण मान वर होती, भिंतीकडे.

मी दारात उभा राहिलो. ऊन माझ्या पाठीवर होतं. तिच्यात आणि माझ्यात चार हात अंतर असेल. तिने माझ्याकडे तोंड केलं.

"कोण शे?"

मला आधी वाटलं थट्टा करते. मग वाटलं रागावली आहे, कालच्या बोलण्यावरून. मी नुसता उभा. ती परत तेच म्हणाली, या वेळी जरा घाईने, आणि जावेकडे वळली. जावेने सांगितलं की धुळ्याचे भाऊ आले आहेत. अक्का लगबगीने उठली, माठाकडे सरळ गेली, पाणी भरलं आणि तांब्या माझ्यासमोर धरला. हात बरोबर होता. जरासाच डावीकडे होता.

जाऊबाई साधी बाई. तिला वाटलं मला सगळं माहीत आहे. ती सांगायला लागली की आखाजीपासून मशीनने बोलणं बंद केलंय, म्हणून मी जमेल तसं वाचून दाखवते, पण मला कुठे एवढं येतं. मी म्हटलं, मशीन बोलायचं? ती म्हणाली, बोलायचं ना, सगळं पुस्तक वाचून दाखवायचं. पुण्याच्या पोराने करून दिलं होतं. बाण दाबत गेलं की कुठे काय आहे ते सांगायचं, मग अक्का ऐकत बसायच्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एकेक तार जुळायला लागली. लॅपटॉप सुरू केला की अक्का सवयीने खालचा बाण दाबत राहायची, आवाज येईल म्हणून. आवाज यायचा नाही. ती अजून दाबायची, मग एंटर. आणि त्या दोन ओळींपैकी खालची ओळ धरली जायची, मेलेली. मग निळं. निळा रंग तेवढा तिला कळत होता, म्हणून ती निळं म्हणायची, ते खरं होतं. बाकीचं सगळं तिने रचलं होतं. मी पडद्यावर काय लिहिलंय म्हणून विचारायचो आणि ती तोंडाला येतील ते आकडे सांगायची. नंतर तिनेच सांगितलं की त्यातला एक तर आमच्या जुन्या घरातल्या फोनचा नंबर होता. मी तो एक अख्खी दुपार शोधत होतो आणि मला ओळखूही आला नव्हता.

मी मोबाईलवर ते पान परत उघडलं. कुणालाच गरज नसलेल्या गोष्टींची यादी. या वेळी शेवटपर्यंत वाचली. सत्ताविसावी का अठ्ठाविसावी ओळ होती, पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज.

मला लाज वाटली. बारा दिवस ती अंधारात बसून मला आकडे सांगत होती आणि मी तिला डोळे फुटलेत का म्हणून विचारलं. मी खाली बसलो आणि म्हटलं, अक्का, सांगितलं का नाहीस?

"भाऊनी करेल कामले नाव कसं ठेवू?" ती म्हणाली.

हे आमच्याकडचं खूळ आहे. भावाने दिलेल्याला बहीण नाव ठेवत नाही. मी एकदा दिवाळीला तिला असल्या भडक पोपटी रंगाची साडी दिली होती की दुकानदारालाही ती खपवल्याचा आनंद झाला असेल. तिने ती नऊ वर्षं नेसली. साडीचं ठीक आहे. पण हे? मी तिला म्हटलं की मूर्ख आहेस तू. ती म्हणाली, आहेच. मग माझ्याने राहवलं नाही, मी तिथेच जावेसमोर रडलो. अक्का डाळीचं सूप बाजूला सारून माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. रडायचं कुणी आणि समजूत घालायची कुणी.

लॅपटॉप घेऊन मी त्याच दिवशी धुळ्याला परतलो. जुनी, अधिकृत, रडतखडत चालणारी सिस्टीम परत घालायची होती, आवाजासकट. घालवायला चार दिवस लागले होते, आणायला तीन लागले. पुण्याच्या भाच्याला फोनवर धरलं. त्याला आईच्या डोळ्यांचं सगळं माहीत होतं, मामाला सांगायचं नाही अशी त्याला शपथ होती. त्यालाही मी चार शब्द ऐकवले, उगाचच. शेवटी आवाज आला. सपाट, बाईचा, बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा.

पण दिवस गेले ते गेलेच. अक्काने जळगावला लेखनिक घेऊन दोन्ही पेपर दिले. मी बाहेर लिंबाखाली बसलो होतो. एक सुटला. अर्थशास्त्र थोडक्यात राहिलं. ती म्हणाली, चालायचंच, पुढच्या खेपेला होईल. खेप सहा महिन्यांनी होती. डॉक्टरांनी डोळ्यांसाठी एवढी मुदत दिली नव्हती. ते बारा दिवस वाया गेले नसते तर ती पहिल्याच खेपेला सुटली असती, असं मला वाटतं. अक्का म्हणते तसं काही नाही, अर्थशास्त्रच अवघड होतं. हेही ती माझ्यासाठी रचून सांगते की खरंच तसं आहे, ते मला आजही कळत नाही.

हिवाळ्यात ती पास झाली. पदवीचा कागद यायला आखाजी उलटून गेली. तो पोस्टाने आल्याचा अक्काचा फोन आला, पाकीट उघडलेलं नाही, तू ये म्हणाली. मी गेलो. ओट्यावर बसलो दोघं. मी पाकीट कडेने कापलं, कागद काढला आणि तिच्या हातात दिला. जाड कागद. तिने तो उजेडाकडे धरला, जवळ घेतला, लांब धरला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आता ती म्हणेल की छान आहे, आणि मीही हो म्हणेन, अशी माझी तयारी झाली होती.

"माले दिखस नही, भाऊ," ती म्हणाली. "तू वाच."

मी कागद घेतला. चष्मा पुसला. तिचं नाव वाचलं, पुढे दाजींचं, मग आडनाव. खाली अजून एक ओळ होती, आईचं नाव. आमच्या आईचं. आईचं नाव मी रेशनकार्डाशिवाय कुठे छापलेलं बघितलं नव्हतं. फॉर्म भरताना कधीतरी अक्काने ते घातलं असणार आणि विसरूनही गेली असणार. मी ते वाचलं, तसा तिचा हात माझ्या मनगटावर आला.

"आईनं बी शे?"

आहे म्हटलं. तुझ्या नावाच्या खालीच आहे.

तिने मनगट सोडलं नाही. मग म्हणाली, आखो एकदा वाच, सावकाश. मी दोन्ही नावं सावकाश वाचली.